एक एकर नऊ गुंठ्यांचा देश

मी माझ्या हयातीत एक देश बुडवला आहे. त्यासाठी मला फौज लागली नाही. दोन लोखंडी सळया हिशोबातून गाळल्या, तेवढ्यानं काम झालं. देश लहान होता, एक एकर नऊ गुंठ्यांचा, आणि त्यात राहणारा माणूस एकच. पण तो माणूस माझा गुरू होता. मी काय केलं हे त्याला कळू न देता पाच वर्षं मी सोलापुरात ताठ मानेनं हिंडलो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी अण्णांच्या गमती सांगेन तेव्हा वाचणाऱ्यानं खुशाल हसावं. फक्त सांगणारा कोण आहे हे विसरू नये.

अण्णा मोजणी खात्यात होते आणि मी नवा लागलो तेव्हा त्यांच्या हाताखाली पडलो. अंगात खाकी कोट, खांद्यावर उपरणं, कोटाच्या खिशात पितळी ओळंबा. चालताना तो ओळंबा कोटाच्या बटणांवर आपटायचा, त्यामुळे अण्णा येताहेत हे कचेरीत पायरीपासूनच कळायचं आणि कारकून मंडळी सुपारी गिळून टाकायची.

साखळी कशी टाकायची हे त्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं. आमची साखळी तेहेतीस फुटांची. दोन टोकांना दोन माणसं. पुढच्यानं ती ताणून टोकापाशी एक सळई जमिनीत रोवायची, मागच्यानं तिथवर येऊन ती उपटून हातात घ्यायची. मागच्याच्या हातात जितक्या सळया, तितक्या साखळ्या अंतर झालं. सळया असतात दहाच. दहा जमल्या की त्या पुढच्याला परत द्यायच्या आणि उपरण्याला एक गाठ मारायची. ही गाठ अण्णांची स्वतःची. "डोकं विसरतं, उपरणं विसरत नाही," असं ते म्हणत.

मैदानात त्यांचा दुसरा नेम असा होता की आकडा तोंडानं बोलायचा नाही. तो पेन्सिलीनं वहीत लिहायचा आणि कचेरीत येऊन त्यावर शाई फिरवायची. शाई फिरेपर्यंत सगळं कच्चं. मी एकदा हौसेनं शेतातूनच ओरडलो, "अण्णा, एकवीस!" तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. परतताना एवढंच म्हणाले, "एकवीस कसले? आंबे?"

नव्या पेठेत त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षा होती. त्यांच्या घरापासून पेठेच्या तोंडापर्यंत किती साखळ्या, तिथून कापडवाल्यापर्यंत किती, हे ते चालता चालता सांगत, आणि ते नेहमी खरं निघे. एकदा कापडवाला गजावर लुगडं मोजत होता. अण्णा शेजारी उभे राहून बघत होते.

"शेठ, ताणू नका. नुसता झोळ काढा."

"अण्णा, तुम्ही जमिनी मोजा, आम्हाला लुगडी मोजू द्या की!" शेठ हसत म्हणाला.

"जमीन ताणता येत नाही म्हणून तर मी चांगला राहिलो," अण्णा म्हणाले. "लुगडी मोजत असतो तर आज माझी पण माडी असती."

दुकानातली सगळी माणसं हसली. शेठही हसला, पण पुढचं लुगडं त्यानं ढिलं धरून मोजलं.

त्यांना तो देश सापडला निवृत्तीच्या सुमारास. मंद्रूपच्या पलीकडे दोन कोसांवर आमचा सरकारी मुलूख संपून एका संस्थानाची हद्द लागते. मध्ये एक मारुतीचा पार आहे. सरकारी नकाशात लिहिलं होतं की आमचं गाव या पारापासून चाळीस साखळ्यांवर संपतं. संस्थानच्या नकाशात लिहिलं होतं की संस्थानचं गाव त्यांच्या हद्दीच्या दगडांपासून सुरू होतं. आता पारापासून त्या दगडांपर्यंत किती अंतर, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. अण्णांनी एक दिवस साखळी टाकली. बेचाळीस भरली. दोन साखळ्या रुंद आणि साडेचोवीस साखळ्या लांब असा एक पट्टा कुणाच्याच नकाशात नव्हता. एक एकर नऊ गुंठे.

दुसरा कुणी असता तर गप्प राहून तिथं हरभरा पेरला असता. अण्णांनी दोन्हीकडे अर्ज केले की आपली जागा बाहेर राहिली आहे, कृपा करून आत घ्यावी. सहा महिन्यांनी सरकारचं उत्तर आलं की सदर जागा आमच्या नकाशात दिसत नाही. संस्थानचं आलं की सदर जागेशी आमचा संबंध नाही. दोन्ही कागदांवर शिक्के. अण्णांनी त्यांना चौकटी करून घेतल्या, त्या पट्ट्यात कुडाची झोपडी घातली आणि कागद भिंतीला टांगले.

"ही आमच्या देशाची सनद," त्यांनी मला दाखवलं. "दोन सरकारांनी लेखी नाकारलेली जागा हिंदुस्थानात दुसरी दाखव."

"म्हणजे अण्णा, तुम्ही राजे झालात!"

"छट्! राजा आला की दरबार येतो, दरबार आला की तुझ्यासारखे मुजरे करणारे येतात. इथं राजा नाही. मोजणीदार आहे."

"आणि झेंडा?"

"झेंडा वाऱ्यानं हलतो. हद्दीची खूण हलती नसावी." त्यांनी एका दगडाला चुना लावला होता. तोच त्यांचा झेंडा.

त्या देशाचे कायदे ते जसे सुचतील तसे करत. बाभळीची फांदी मोडायची नाही. आत येताना चुन्याच्या दगडापाशी थांबून नाव सांगायचं. कुणी कुणाला साहेब म्हणायचं नाही. मीठ-मिरची आणायला गावात निघाले की झोपडीला कडी लावून म्हणायचे, "परदेशी जाऊन येतो." हे ते थट्टेनं म्हणत की खरं मानून, हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, दोन्ही.

शेजारच्या माळावर म्हाळाप्पा धनगर मेंढरं चारायचा. त्याला या सगळ्याचा फार घोर लागला होता.

"अण्णा, माजी मेंढरं तुमच्या देशात घुसली तर मागारी येऊ द्याल न्हवं?"

"येऊ देईन की. पण मोजून आत येतील, मोजून बाहेर जातील."

"आन तुमच्या देशात एकादी व्याली तर? ते कोकरू कुणाचं?"

अण्णा विचारात पडले. खरंच पडले. मग म्हणाले, "कोकरू आईच्या गावचं. लिहून ठेवतो."

"लई झाक कायदा हाय," म्हाळाप्पा म्हणाला. "आमच्यात भाऊबंदसुदिक एवडा इचार करत न्हाईत."

एकदा मी त्यांना सरळ विचारलं की हे सगळं कशासाठी. त्यांनी भाकरीवर शेंगाचटणी घेतली, अर्धी मला दिली आणि म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांना दाखवत आलो, तुझी जागा इथवर, याची तिथवर. माझा आकडा वरचा साहेब खोडायचा, त्याचा आणखी वरचा. एक जागा अशी असावी की जिथं माझा आकडा शेवटचा." मग म्हणाले, "एकच उणं आहे. मोजलं मी आणि मानलंही मीच. दुसऱ्या हातानं तपासल्याशिवाय मोजणी पुरी होत नाही. तोवर हा देशसुद्धा कच्चाच."

"मी येईन की साखळी घेऊन," मी म्हणालो.

आलो. पण सरकारी हुकमानं.

त्या वर्षी सोलापुरात सभांना बंदी होती. गिरणीतली आणि शाळांतली चाळीसेक माणसं मंद्रूपपर्यंत मोटारीनं आणि पुढे चालत अण्णांच्या देशात आली. बंदीचा हुकूम सरकारी मुलखापुरता, संस्थानात वेगळी बंदी, आणि ही जागा दोन्हीत नाही, असा त्यांचा हिशोब. अण्णांना सभेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी प्रत्येकाला दगडापाशी थांबवून नाव लिहून घेतलं, बाभळीचा कायदा समजावला आणि सांगितलं, "बोला आता काय बोलायचं ते. इथं बोलण्यावर बंदी नाही. मी केली नाही अजून."

फौजदार शिपाई घेऊन आले आणि हद्दीवर घुटमळले.

"अहो मोजणीदार, मी उभा आहे ती जागा कुणाची?"

अण्णांनी वाकून त्यांच्या बुटांकडे पाहिलं. "डावा पाय सरकारात आहे. उजवा परदेशात. फौजदारकी करायची तर डाव्यावर उभे राहा."

सभेतली माणसं इतकी हसली की बोलणाऱ्याचं भाषण मोडलं. फौजदार दोन्ही पाय मागे घेऊन निघून गेले. त्या दिवशी मी तिथं नव्हतो. पण सोलापुरात चार दिवस सगळीकडे हीच गोष्ट, आणि ती सांगताना मला वाटणारा अभिमान खरा होता. तोही मी लपवणार नाही.

आठवड्यानं मला साहेबांनी बोलावलं. पारापासून संस्थानी दगडांपर्यंतचं अंतर पुन्हा मोजून ये, असा हुकूम होता. खोटं लिही असं त्यांनी मला सांगितलं नाही. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी मनाशी त्यांच्यावर ढकलायचा पुष्कळ प्रयत्न केला. ते एवढंच म्हणाले, "त्या जागेत सभा होतात, कारण ती जागा आहे. जागाच नसेल तर प्रश्न मिटला." आणि मी दाराशी गेल्यावर म्हणाले, "हेड मोजणीदाराची जागा येत्या महिन्यात रिकामी होते आहे."

अण्णांना मी येणार हे कळलं तेव्हा त्यांनी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसलं. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. मी सरकारचा माणूस म्हणून आलो होतो, त्यांना मात्र त्यांची मोजणी पुरी करायला आलेला शिष्य दिसत होता.

"ज्याची मोजणी तपासायची त्यानं तपासणाऱ्याच्या मानेवर बसू नये," ते म्हणाले आणि पारावर मारुतीकडे तोंड करून, मैदानाकडे पाठ करून बसले. म्हाळाप्पा पलीकडे मेंढरांत होता. कचेरीचे गडी पुढे साखळी ओढत होते. सळया मी उचलत होतो, म्हणून आकडा फक्त माझ्या हातात होता. संस्थानी दगडाला साखळी टेकली तेव्हा माझ्या उपरण्याला चार गाठी होत्या आणि हातात दोन सळया.

बेचाळीस.

मी वहीत पेन्सिलीनं लिहिलं आणि पाराशी आलो. अण्णांनी वळून पाहिलं नाही. "बोलू नकोस काही," ते म्हणाले. "शाई झाली की वाचायला येईन."

कचेरीत मी दौत पुढे ओढली आणि बेचाळीसवर शाई फिरवायच्या ऐवजी रबर फिरवलं. मग चाळीस लिहिलं आणि त्यावर शाई फिरवली. अहवालात पुढे लिहिलं की सरकारी हद्द आणि संस्थानी दगड यांच्यामध्ये जागा नाही. पूर्वीच्या मोजणीदारांची दृष्टी वयोमानाने अधू झाल्यामुळे त्यांच्या मोजणीत चूक झालेली दिसते. हे शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते माझं मी घातलं, अहवाल भक्कम दिसावा म्हणून.

अण्णा वाचायला आले. मी समोर बसलो होतो. ते संतापतील, वही मागतील, पुन्हा चल मैदानात म्हणतील, याची मी तयारी केली होती. मग काय बोलायचं तेही घोकून ठेवलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, परत पुसला, परत वाचलं. मग कागदाची नीट घडी करून म्हणाले, "चाळीस का! मग दोन सळया मी दुबार धरल्या म्हणायच्या. गाठ मारल्यावर दोन हातातच राहिल्या असतील." माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "बरं झालं, तू तपासलंस. दुसऱ्या कुणी तपासलं असतं तर मी मानलं नसतं."

घोकलेलं काही लागलंच नाही. मी तो कागद फायलीत लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या हातानं झोपडी मोडली. म्हाळाप्पा म्हणाला, "कशाला मोडताय अण्णा? कोन येतंय हितं बगायला?" तर म्हणाले, "माझा देश नव्हता तर ही जागा सरकारची. सरकारी जागेत बिनपरवानगी झोपडी मी कुणाची चालवून घेतली का आजवर?" दोन सनदा त्यांनी चौकटीतून काढून ज्याच्या त्याच्या कचेरीला परत पाठवल्या. सोबत चूक झाल्याचं पत्र.

मी हेड मोजणीदार झालो.

पाच वर्षं गेली. अण्णा शहरात मुलाकडे राहत. मी त्यांच्या गल्लीतून जायचं टाळत असे. एक दिवस नव्या पेठेत समोरासमोर गाठ पडली. सून हाताला धरून चालवत होती. मोतीबिंदूनं डोळे पांढरट झाले होते. कोटाच्या खिशात ओळंबा नव्हता. मी जुनी थट्टा केली, "अण्णा, घरापासून इथवर किती साखळ्या?"

ते जरा हसले. "असतील दहा-बारा. माणसानं नक्की सांगू नये."

या माणसानं आयुष्यात कधी दहा-बारा म्हटलं नव्हतं.

निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला. "एक विचारायचं राहिलंय. मी चुकलो हे त्या दिवशी मैदानातच तुझ्या ध्यानात आलं होतं ना? मी पारावर बसलो होतो, तू काही बोलला नाहीस. मला लाज वाटू नये म्हणून गप्प राहिलास. मी ते विसरलेलो नाही."

पाच वर्षं मी समजत होतो की मी त्यांची जागा घेतली. जागेचं त्यांना काय होतं! मी त्यांच्याकडून बेचाळीस हा आकडा घेतला होता, आणि त्याच्याबरोबर बाकीचे सगळे आकडे गेले होते. वर ते माझे आभार मानत होते.

त्याच आठवड्यात मी कचेरीत लेखी दिलं की माझा तो अहवाल खोटा आहे. त्याचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. नकाशा छापून झाला होता, तो बदलला नाही. माझी हेडची जागा गेली आणि टेंभुर्णीला साध्या मोजणीवर बदली झाली. ती मला आजही योग्य वाटते. पण सरकारला सांगणं सोपं होतं. तिकडे जायच्या आधी मी एक साखळी आणि दहा सळया घेतल्या, अण्णांना मोटारीनं मंद्रूपला आणि पुढे बैलगाडीनं पारावर नेलं. कशाला, ते सांगितलं नाही. साखळीचा आवाज ऐकून ते म्हणाले, "मला नको आता हे."

"तुम्ही मागे राहायचं," मी म्हणालो. "सळया तुम्ही उचलायच्या."

"डोळे नाहीत मला."

"हात आहेत. आणि उपरणं आहे."

म्हाळाप्पानं त्यांचं कोपर धरलं. "चला की अण्णा. मी हाय न्हवं. मेंढरं बसतील घटकाभर."

मी पुढे झालो. साखळी ताणली, सळई रोवली. मागे अण्णा साखळीला हात लावत लावत आले, वाकले, चाचपडून सळई उपटली. पहिल्या दहांना फार वेळ लागला. दहावीनंतर त्यांनी गाठ मारली आणि दहा वेळा चाचपून सळया माझ्याकडे दिल्या. दुसऱ्या गाठीनंतर ते मला ओरडले, "झोळ आहे! ताण दे!" तिसऱ्या गाठीनंतर म्हाळाप्पाचा हात त्यांनी झटकून टाकला. चौथी गाठ मारून त्यांनी सळया परत दिल्या आणि रिकामे हात माझ्यापुढे पालथे-उताणे करून दाखवले. एकही शिल्लक नव्हती.

मी पुन्हा साखळी ताणली. त्यांनी एक सळई उचलली. पुन्हा ताणली. त्यांनी दुसरी उचलली. मग त्यांचा पाय संस्थानी दगडाला लागला. ते खाली बसले, दगड दोन्ही हातांनी चाचपला, उपरण्याच्या गाठी एकेक करून मोजल्या, आणि दोन सळया मुठीत धरून बसून राहिले. तोंडानं आकडा बोलले नाहीत. नेम होता.

मी तिथंच त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "अण्णा, मी त्या दिवशी खोटं..."

"थांब," ते म्हणाले. तो जुना, मला पहिल्या दिवशी साखळी शिकवणारा आवाज होता. "मैदानात बोललेलं कच्चं असतं. शाई आणलीस का?"

आणली होती. मी वही मांडीवर घेतली, लिहिलं, वाळू दिलं, आणि त्यांना दिसत नव्हतं म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं:

"मारुतीच्या पारापासून संस्थानी दगडापर्यंत बेचाळीस साखळ्या. मी तपासल्या त्या दिवशीही बेचाळीसच होत्या. माझ्या हातात दोन सळया होत्या आणि मी चाळीस लिहिलं. अण्णांनी एकही सळई दुबार धरली नव्हती. त्यांची मोजणी दुसऱ्या हातानं तपासून बरोबर आढळली आहे. हे सांगायला मला पाच वर्षं लागली, त्याबद्दल मी या देशाच्या मोजणीदारांची माफी मागतो."